वाचक विचारतात : सहलीचा बेत आणि चॅटबॉट

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्ट्यांत आम्ही सहा जण पचमढीला जायचे म्हणत आहोत. सोबत माझी ८४ वर्षांची आई आणि दोन नातवंडे असतील. मुलाने चॅटबॉटकडून चार दिवसांचा कार्यक्रम तयार करून घेतला आहे. पहिल्या रात्रीच्या गाडीने ‘पचमढी स्थानकावर’ उतरणे, दुसऱ्या दिवशी सकाळी चौरागड, दुपारी जटाशंकर आणि बी फॉल, संध्याकाळी धूपगड, अशी त्याची सुरुवात आहे. तक्ता इतका नीटनेटका आहे की शंका घ्यायला मन धजत नाही. त्यावर विसंबून आरक्षण करावे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : या तक्त्यावरून आरक्षण करू नये, मात्र तो टाकूनही देऊ नये. सुधारून घेतला तर तो उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पचमढीला रेल्वे स्थानकच नाही. सर्वांत जवळचे स्थानक पिपरिया; ते इटारसी–जबलपूर मार्गावर असून तेथून पचमढीपर्यंत सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यातला शेवटचा टप्पा घाटाचा आहे. नागपूरहून इटारसीमार्गे पिपरियाला जाता येते. परंतु आपल्याकडची अनेक कुटुंबे सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली अशी रस्त्यानेच जातात. ८४ वर्षांच्या आईंना घेऊन जाताना हा पर्याय अधिक सोयीचा आहे, कारण वाटेत हवे तेथे थांबता येते आणि मध्यरात्री सामानासह फलाटावर उतरण्याची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चौरागडाला १३००च्या आसपास पायऱ्या आहेत. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन तेथे जाणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा करणारे भाविक विदर्भातून मोठ्या संख्येने जातात. आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्या चढणीला किती वेळ आणि किती दम लागतो हे त्यांना अवश्य विचारावे. धडधाकट माणसाचीही सकाळ त्यातच जाते. बी फॉलला खाली उतरून पुन्हा तेवढेच चढावे लागते, आणि जटाशंकरलाही पायऱ्या आहेतच. धूपगड हे सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर, सुमारे १३५० मीटरचे. तेथे लोक सूर्यास्त पाहायला जातात आणि दिवाळीच्या दिवसांत सूर्य सहाच्या आतच मावळतो. शिवाय काही ठिकाणी वन विभागाची परवानगी आणि स्थानिक जिप्सी लागते, खासगी गाडी चालत नाही. हे सारे एका दिवसात बसवणारा तक्ता कागदावर सुंदर दिसतो, पण तो आईंसाठी नाही आणि नातवंडांसाठीही नाही.

चॅटबॉट असे का करतो, हे समजून घेतले की त्याच्याकडून काय मागावे हेही कळते. त्याच्या मुळाशी असलेले भाषा-प्रारूप प्रचंड मजकूर वाचून, कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक आहे हे शिकलेले असते. पर्यटनस्थळाच्या नावामागे ‘स्थानक’ हा शब्द त्याने असंख्य वेळा पाहिलेला असतो, म्हणून ‘पचमढी स्थानक’ही तो त्याच सहजतेने लिहितो. खऱ्या आणि कल्पित स्थानकाबद्दल लिहिताना त्याच्या भाषेतला आत्मविश्वास सारखाच असतो. आपण शिक्षक आहात. सुवाच्य अक्षरात लिहिलेले चुकीचे उत्तर आपण नक्कीच तपासले असेल.

यावर उपाय असा की, त्याला ‘पचमढीचा चार दिवसांचा कार्यक्रम दे’ असे मोघम सांगू नये. आपली अडचण पुढे ठेवावी. उदाहरणार्थ असे लिहावे : ‘आम्ही सहा जण आहोत. आई ८४ वर्षांची आहे, तिला वीसपेक्षा जास्त पायऱ्या चढवत नाहीत आणि दुपारी दोन तास पडावे लागते. नातवंडे सहा आणि नऊ वर्षांची आहेत. नागपूरहून स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. दिवसाला दोनपेक्षा अधिक ठिकाणे नकोत. ज्या ठिकाणी आईला जाता येणार नाही, तेवढ्या वेळात तिच्यासोबत कोण थांबेल आणि कुठे, तेही लिही.’ एवढे सांगितल्यावर तोच चॅटबॉट बराच शहाणा कार्यक्रम देतो : दोघांनी पहाटे चौरागड चढावा, बाकीच्यांनी तलावाकाठी सावकाश सकाळ घालवावी, असा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘या कार्यक्रमातील कोणकोणत्या गोष्टी मी अधिकृत ठिकाणी तपासून घ्यायला हव्यात?’ त्यातून मिळणारी यादी हाती घेऊन हॉटेलला फोन करावा आणि लिफ्ट आहे का, तळमजल्यावर खोली मिळेल का, जिप्सी कोठून घ्यावी लागते, हे माणसाकडून ऐकावे. पैसे त्यानंतरच भरावेत.

रेल्वेनेच जायचे ठरले, तर एक बदल लक्षात ठेवावा. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. जुना मजकूर वाचून उत्तर देणारा चॅटबॉट अजूनही चार महिने आधी तिकीट काढायला सांगू शकतो. तसे झाले तर आपण भलत्याच तारखेला आरक्षण उघडण्याची वाट पाहाल, आणि दिवाळीच्या गाड्या किती लवकर भरतात हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : ताडोब्याच्या सफारीसाठी मी चॅटबॉटला विचारले, तेव्हा त्याने एका संकेतस्थळाचा दुवा आणि मोबाइल क्रमांक दिला. त्या क्रमांकावरील गृहस्थांनी मोहर्लीला राहण्याची सोय आणि कोलारा गेटमधून सकाळची सफारी असे पॅकेज सांगून निम्मी रक्कम यूपीआयने ताबडतोब पाठवायला सांगितली. मंगळवारची सफारी मिळेल, असेही ते म्हणाले. पैसे पाठवू का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कृपया एक रुपयाही पाठवू नका. मंगळवारी ताडोबा पर्यटकांसाठी बंद असतो. जो मनुष्य मंगळवारची सफारी विकतो, त्याला एकतर माहिती नाही किंवा त्याचा हेतू चांगला नाही. दोन्ही परिस्थितींत आपले पैसे त्याच्याकडे जाणे धोक्याचे आहे.

पॅकेजमधली जोडणीही संशयास्पद आहे. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आहे आणि कोलारा चिमूरच्या बाजूला. मोहर्लीला मुक्काम करून पहाटे कोलारा गेटवर वेळेत पोहोचायचे, तर अंधारात जंगलाबाहेरून मोठा वळसा घालावा लागेल. नागपूरहून जाणाऱ्यांनी आधी गेट ठरवावे, त्या गेटची सफारी मिळाली की मगच जवळचा मुक्काम ठरवावा. हा क्रम उलटला की सहलीचा विचका होतो.

सफारीचे आरक्षण महाराष्ट्र वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का, हे अक्षर अक्षर वाचून पाहावे, कारण ताडोब्याचे नाव घालून कोणीही खासगी संकेतस्थळ उघडू शकतो आणि चॅटबॉट किंवा शोधयंत्र ते तितक्याच विश्वासाने आपल्यापुढे ठेवते. फोन क्रमांकांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. चॅटबॉटने दिलेला क्रमांक अधिकृत ठिकाणी जुळत नसेल, तर तो लावूच नये. सफारीचा परवाना नावानिशी असतो आणि गेटवर मूळ ओळखपत्र पाहिले जाते, म्हणून दुसऱ्याच्या नावावरचा ‘शिल्लक परवाना’ स्वस्तात मिळतो आहे, या आमिषालाही बळी पडू नये.

पेंचला जाणाऱ्या वाचकांसाठी येथेच सांगून ठेवतो. पेंच दोन राज्यांत आहे. सिल्लारी आणि खुरसापार ही गेटे महाराष्ट्रात, तर तुरिया मध्य प्रदेशात. दोन्हींचे आरक्षण वेगळे, शुल्क वेगळे आणि सुट्टीचे दिवसही वेगळे. मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते. चॅटबॉट या दोन पेंचांची माहिती एकाच परिच्छेदात मिसळून देतो, तेव्हा प्रश्न विचारताना गेटचे नाव लिहावेच. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, साधारणतः १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असते, हेही तारखा ठरवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

पैसे आधीच गेले असतील, तर संकोच न करता तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असे कोणी म्हटले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

प्रश्न : काही चॅटबॉट आता स्वतःच तिकीट काढून देतात असे ऐकते. त्यासाठी आधार कार्डाचा फोटो आणि बँकेच्या कार्डाचा तपशील द्यावा का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : देऊ नये. संकेतस्थळ उघडून अर्ज भरणारी साधने आली आहेत हे खरे, परंतु नावाचे एक अक्षर किंवा तारखेचा एक आकडा चुकला, तर तिकीट रद्द करण्याचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. गाड्या, वेळा आणि दर यांची तुलना त्याच्याकडून करून घ्यावी. प्रवाशांची नावे, पैसे आणि ओटीपी हे मात्र स्वतःच्या हाताने भरावे. रेल्वेच्या तत्काळ तिकिटासाठी १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीचे खाते आधारशी पडताळलेले असणे आवश्यक आहे, आणि ही पडताळणी आयआरसीटीसीवरच करायची असते, चॅटबॉटमध्ये नव्हे. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि बिगर-वातानुकूलित वर्गाचे ११ वाजता उघडते. निश्चित झालेले तत्काळ तिकीट आपण रद्द केले, तर परतावा मिळत नाही. हॉटेलला ओळखपत्र पाठवावे लागलेच, तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ पाठवावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

प्रश्न : विमान कंपनीच्या स्वतःच्या चॅटबॉटने ‘तिकीट रद्द केल्यास पूर्ण पैसे मिळतील’ असे सांगितले आणि नंतर कंपनीने हात वर केले, तर काय करावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : कंपनीचा चॅटबॉट हा कंपनीचाच बोल आहे, आणि आपण तसाच आग्रह धरावा. कॅनडात याच स्वरूपाचा वाद झाला होता. नातेवाइकाच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्यांना मिळणारी सवलत प्रवासानंतरही मागता येते, असे एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉटच्या उत्तराला आपण जबाबदार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अमान्य केला आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. तो निर्णय भारतात बंधनकारक नाही, तथापि त्यामागचा विचार आपल्या तक्रारीत मांडण्यासारखा नक्कीच आहे.

त्या प्रवाशाने संभाषणाचे चित्र जपून ठेवले होते, हे येथे फार मोलाचे आहे. आपणही तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच क्षणी घ्यावा, कारण खिडकी बंद केल्यावर संभाषण पुन्हा सापडेलच असे नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर. तेवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले, तरी तक्रार नागपुरात दाखल करता येते.

मात्र कंपनीचा चॅटबॉट आणि सर्वसाधारण चॅटबॉट यांत गल्लत करू नये. त्रयस्थ चॅटबॉटने परताव्याबद्दल दिलेले आश्वासन विमान कंपनीवर लादता येत नाही. अशा वेळी तिकिटावर छापलेली अटच ग्राह्य धरली जाते, म्हणून पैसे भरण्याच्या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी ती वाचावी.