पातळ्या खऱ्या की पेटीच्या?

प्रश्न : स्थिर विद्युतक्षेत्रात हायड्रोजनचा वर्णपट अखंड होतो म्हणतात. मग संगणकावर सुट्या पातळ्या कशा येतात? – एम.एस्सी. विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : क्षेत्र कितीही क्षीण असो, एका बाजूला स्थितिज ऊर्जा उतरतच जाते आणि इलेक्ट्रॉन टनेलिंगने (ऊर्जेचा अडथळा आरपार भेदून) निसटतो. म्हणून वर्णपट −∞ ते +∞, बद्ध पातळी (इलेक्ट्रॉन कायमचा अडकून राहील अशी) एकही नाही. संगणक मात्र अणू एका मर्यादित पेटीत कोंडून गणित करतो; तुम्हाला दिसतात त्या पातळ्या बहुतेक या पेटीच्या भिंतींच्या. पेटीची लांबी हळूहळू वाढवा: सरकतात त्या भिंतींच्या, जवळपास जागीच राहतात त्या रेझोनन्सच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन निसटण्याआधी बराच काळ टिकणाऱ्या अवस्थांच्या. मोल त्यांनाच. मध्येच दोन पातळ्या एकमेकींना ढकलतात, तो बिंदू वगळा.

आण्वीय एककांत (इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, प्रभार वगैरे १ धरून) क्षेत्र क्ष धरा. तळपातळी −१/२ − (९/४)क्ष² जवळ मिळायला हवी. रेझोनन्सची रुंदी (इलेक्ट्रॉन किती वेगाने निसटतो त्याचे माप) e च्या घातात येते, घातांक −२/(३क्ष). ती क्ष च्या घातश्रेणीतल्या कुठल्याच पदात सापडत नाही, शिवाय श्रेणीही अपसारी (बेरीज एका मूल्याकडे न जाणारी) आहे. रुंदी हवी असेल तर निर्देशांक संमिश्र प्रतलात एका कोनातून फिरवून गणित करा.