रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून पिट्युटरीची गाठ कसली आहे ते कळतं का?

तुम्ही लिहिलंय की डोकेदुखीसाठी आईंचा (वय ५२) एमआरआय केला, त्यात पिट्युटरीवर (मेंदूखालची हॉर्मोन सोडणारी छोटी ग्रंथी) ८ मिमीची गाठ दिसली. ओळखीच्या एकांनी सांगितलं, ‘रक्तातल्या मायक्रोआरएनएची तपासणी करून घ्या, गाठ कसली आहे ते कळेल.’ तर पुण्यात ती कुठे होते?

सध्या ती करू नका. उपचार ठरवायला ही तपासणी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही. कुणी पैसे घेऊन करून दिली, तरी त्या आकड्यावरून तुमच्या डॉक्टरांना काही ठरवता येणार नाही. विषय टाकाऊ आहे असं मात्र नाही. पाषाणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं याच रेणूंवर काम केलंय आणि मला त्यांच्याकडून खूप आशा आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा (डीएनएसारखाच, जनुकांची नक्कल असलेला रेणू) जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही; दुसऱ्या जनुकांची प्रथिनं किती बनू द्यायची यावर तो लगाम ठेवतो. १९९३ मध्ये तो मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडला आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. उघडा आरएनए रक्तात लगेच तुटतो. हे तुकडे प्रथिनाला चिकटून किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुड्यांमध्ये बसून टिकतात, म्हणून ते रक्तात मोजता येतात. पिट्युटरी बसलीय कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांच्या खाली. तिथला तुकडा सहज काढून तपासता येत नाही. हातातून रक्त घेऊन तिची खबर मिळाली तर कुणाला नको आहे?

अडचण कुठे येते ते सांगतो. २००५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की पिट्युटरीच्या काही गाठींमध्ये मायक्रोआरएनए-१५ए आणि १६-१ निरोगी ग्रंथीपेक्षा कमी असतात. तेव्हापासून १६ चं नाव या विषयात सारखं येतं. पण हाच १६ तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. नमुन्यात थोड्या जरी पेशी फुटल्या तरी गाठीचा आवाज त्यात बुडून जातो.

आमच्याकडे तेच झालं. रुग्णांचे नमुने कॅम्पातून दुचाकीवर यायचे, विद्यापीठ चौकात मेट्रोच्या कामामुळे अडकायचे, खड्ड्यांतून हिंदकळायचे. निरोगी लोकांचं रक्त मात्र आमच्याच इमारतीत घेतलेलं, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र). दोन गटांत फरक इतका स्पष्ट आला की आम्ही सगळे हरखलो. मग नळ्या शेजारी शेजारी उजेडात धरल्या. रुग्णांचा प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरलेला रक्ताचा द्रव) फिकट गुलाबी होता, म्हणजे वाटेत तांबड्या पेशी फुटल्या होत्या; निरोगींचा पिवळा. आम्ही गाठ मोजत नव्हतो, रस्ता मोजत होतो. ते सगळे नमुने बाद केले. ज्या बाईंनी मोठ्या विश्वासानं दोनदा रक्त दिलं होतं त्यांना हे सांगताना फार वाईट वाटलं.

त्यात भर म्हणजे किती मोजलं हे कशाच्या तुलनेत सांगायचं, यावर एकमत नाही. पूर्वी पुष्कळ जण तुलनेसाठी १६ च वापरायचे!

याचा खरा उपयोग कुठे होईल? माझ्या मते, हॉर्मोन न सोडणाऱ्या गाठींत. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हॉर्मोन) सोडणारी गाठ रक्तातल्या प्रोलॅक्टिनवरून समजते. मुक्या गाठीला रक्तात खूणच नाही. ऑपरेशननंतर ती परत वाढतेय का हे बघायला वर्षानुवर्षं एमआरआय करत राहावे लागतात. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ऑपरेशनच्या आधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं. त्या दिशेची अशी कामं मी आवर्जून वाचतो.

आता आईंचं. १० मिमीपेक्षा लहान गाठीला मायक्रोअ‍ॅडेनोमा म्हणतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अशा गाठी पुष्कळदा सापडतात आणि बहुतेक कधीच त्रास देत नाहीत. एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हॉर्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा, एमआरआयची सीडी बरोबर न्या. ते प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१ (वाढीच्या हॉर्मोनचा अंदाज देणारी तपासणी), थायरॉइड, कॉर्टिसॉल यांतलं काय करायचं ते ठरवतील. सगळं ठीक असेल तर साधारण वर्षानं पुन्हा एमआरआय करायला सांगतात. नजर अंधुक झाली, बाजूचं दिसेनासं झालं किंवा अचानक असह्य डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि एक विचारतो. आई अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात का? आपल्याकडच्या अशा पुष्कळ कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडॉन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि त्यानं प्रोलॅक्टिन वाढतं. मग औषधानं वाढलेला आकडा गाठीच्या माथी मारला जातो. गोळीची पट्टी डॉक्टरांना दाखवा आणि रक्त देण्याआधी ती थांबवायची का, किती दिवस, हे त्यांनाच विचारा. पट्टीवरचं नाव इथे लिहिलंत तर त्यात यांतलं काही आहे का ते मी बघून सांगतो.