शेतातली जुनी समाधी कागदावरून सापडते का?

तुमचा प्रश्न: पणजोबांची समाधी निलंग्याकडच्या शेतात होती, शेत विकून दोन पिढ्या झाल्या, आता जागा कागदावरून सापडेल का? आणि लिंगायतांत माणसाला बसवून का पुरतात?

कागदावरून शेत सापडेल, समाधी नाही. 1954-55 चं खासरा पत्रक काढा, त्यात सर्व्हे नंबर आणि खातेदार मिळेल. त्याच्याही मागं जायचं तर निजामाचं उर्दू दप्तर आणि फसली सन, म्हणजे तेव्हाचं महसुली वर्ष. त्यात 590 मिळवले की इसवी सन. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, त्यामुळं माणूस मिळेल. पण समाधीला सातबाऱ्यावर रकाना नसतो. फार तर गुंठाभर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, दिसेल, आणि तो नालाही असू शकतो.

आमचंच सांगतो. आज्याला माती दिली औशाकडच्या आमच्या शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला. दगडी ओटा, त्यावर पिंड आणि नंदी. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली की आंबील-भज्जीचा निवद आज्यापुढं ठेवायचा, मग आमची पंगत. 1984 साली तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, ते शेत विकलं. खरेदीखतात विहीर आली, आंबे मोजून आले, बांधावरची बाभळसुद्धा आली. आजा आला नाही.

आप्पा, माझे वडील, पुढं वीसेक वर्षं येळवसेला डबा घेऊन त्या परक्या शेतात जायचे. घेणाऱ्यानं एकदाही अडवलं नाही, हे लिहायलाच पाहिजे. पण ऊस आला, ट्रॅक्टर आला, ओटा गेला. त्यावर तात्यांचं एकच, "लिंगैक्य झालेल्या माणसाचं मागं काय ऱ्हातंय? दगुड?"

इथं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. माणूस जिवंतपणी लिंगपूजेला बसतो तसाच त्याला खड्ड्यात बसवतात. हातात इष्टलिंग, म्हणजे जन्मभर गळ्यात बाळगलेलं लिंग, भोवती बेल, भस्म, मीठ. जंगमाचा, म्हणजे लिंगायत पुरोहिताचा, पाय डोक्याला लागतो. मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. जो शिवात मिळाला त्याला अग्नी कशाला, आणि त्याचं सुतक तरी कसलं? हे मला शिकवलं तात्यांनीच, आणि हेच शास्त्र त्यांनी शेत विकताना पुढं केलं. मग दर कार्तिकी पौर्णिमेला बीडकडच्या कपिलधारला संत मन्मथस्वामींच्या समाधीपुढं डोकं कशाला टेकवता, असं मी भावकीत सगळ्यांसमोर विचारलं. दोन वर्षं बोलणं बंद होतं.

आप्पा गेल्यावर मी शोधायला निघालो. दोन कचेऱ्यांत चार महिने गेले. शेवटी उत्तर मिळालं शेत घेणाऱ्याच्या आईकडून. म्हातारी म्हणाली, "लिंबाखालचा म्हसोबा बगितला का?" ओटा मोडला त्या साली त्यांचा बैल दगावला होता. तिनं भिऊन दगड उचलून लिंबाखाली ठेवला आणि तेव्हापासून शेंदूर लावत आली. शेंदराचा जाड पापुद्रा एका कडेनं सुटला होता. खाली नंदीचं वशिंड दिसलं. मग तिनं मूळ जागाही दाखवली. "हितला ऊस बुटका ऱ्हातो, मिठानं." तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "चुनखडी हाय तिथं." माती तपासून आणू का, म्हणालो. ते उठून गेले.

तेव्हा आधी शेत घेणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बायका गाठा, आपली भावकी शेवटी. तुमच्याकडं हेळवी, म्हणजे घराण्याच्या वंशावळी सांगणारा, येत असेल तर त्याच्याकडून पिढ्यांची नावं मिळतील, जागा मिळणार नाही. 1993 च्या भूकंपानंतर गाव उठलं असेल तर जुन्या गावठाणातला माणूस सोबत घ्या, नवीन गावात कुणाला दिशा सांगता येत नाहीत. आणि स्वतः कधी शेत विकायची वेळ आलीच, तर समाधीची जागा आणि तिथं जायची वाट विहिरीपासून फुटात मोजून खरेदीखतात वगळून लिहा. घरातला थोरला "दगुड" म्हणाला तरी लिहा. घेणारा त्यापायी पाच-दहा हजार कमी देईल, देऊ दे.

दोन गोष्टी राहिल्या. ते शेत आत्याच्या लग्नासाठी विकलं होतं, आणि उरलेल्या पैशातून लातूरला माझी कॉलेजची फी भरली गेली. तात्या हे कधी बोलून दाखवत नाहीत, म्हणून मी लिहितोय. दुसरं, पुरलं म्हणजे लिंगायतच असं धरून चालू नका. महानुभावांत आणि गोसाव्यांतही पुरतात. तुमच्या पणजोबांच्या घरी देव्हाऱ्यात काय होतं ते आधी विचारा. आणि म्हातारीकडं जाताना लुगडं न्या. मी मोकळ्या हातानं गेलो होतो.