1/3 वरून 2/5 च्या टेबलवर कधी जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, शनिवार-रविवारी गाडी काढून अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत जाता, 1/3 नो-लिमिट होल्डेम पोकरमध्ये (म्हणजे पत्ते वाटण्याआधीच्या सक्तीच्या दोन पैजा, ब्लाइंड, 1 आणि 3 डॉलरच्या; मोठी ती बिग ब्लाइंड) 120 तासांत 4,000 डॉलर वर आहात. आता 2/5 ला बसावं का?

बसा, पण 4,000 जिंकलात म्हणून नको. लाइव्ह पोकरमध्ये तासाला जेमतेम तीस डाव होतात, म्हणजे तुमचे सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. ऑनलाइन चार टेबलं उघडून बसणारा इतके डाव एका वीकेंडला उरकतो. 1/3 ला तासाचं प्रमाण विचलन (कमाईतल्या चढउताराचं माप) दीडशे डॉलर धरून हिशेब मांडला, तर तुमची खरी कमाई तासाला 6 डॉलर असू शकते, तशीच 60 सुद्धा. सहावाला 2/5 ला बहुधा मार खाईल, साठवाला टिकेल, आणि आज दोघांच्याही वहीत तेच 4,000 आहेत. पाचशे तास झाले की ही दरी निम्मी होते, पण नोकरी सांभाळून पाचशे तास भरायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढं थांबायची गरज नाही.

कारण 1/3 हा स्वस्त खेळ वाटतो, पण तो महाग आहे. रेकची (प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशातून, कॅसिनो कापतो ती रक्कम) कमाल मर्यादा दोन्ही टेबलांवर साधारण सारखीच असते. वर जॅकपॉटचा डॉलर-दोन डॉलर, डीलरला एक डॉलर टिप. तासाला तुम्ही तीन पॉट जिंकता असं धरलं तर पंधरा-वीस डॉलर असेच जातात. 1/3 ला ते पाच-सहा बिग ब्लाइंड झाले, 2/5 ला तीन-चार. त्यामुळे वरच्या टेबलवर खेळाडू थोडे तगडे असले तरी तुमचं गणित लगेच बिघडत नाही.

थोडे तगडे म्हणजे कसे, ते एका डावात दिसतं. तुमच्याकडे एक्का-राणी, तुम्ही रेझ केलंत, म्हणजे पैज वाढवलीत, आणि बटणावरच्या (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या) माणसाने तिप्पट-चौपट करून परत रेझ मारलं. 1/3 ला हे करणारे काका तासभर तीन-तीन डॉलर टाकून फ्लॉप (टेबलवर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) बघत बसलेले असतात. त्यांनी रेझ मारलं की हातात राजांची किंवा एक्क्यांची जोडी आहे असं समजून निमूट पत्ते टाकायचे. 2/5 ला तेच रेझ बदामच्या एक्का-पंजीवरही येतं. तिथे रोज टाकत राहिलात तर हळूहळू पोखरले जाता, आणि रोज कॉल करत (तेवढेच पैसे लावून डावात राहत) राहिलात तर एका रात्रीत. अशा जागी काय करायचं याचं उत्तर तुमच्याकडे असेल, तर तुमची तयारी झाली आहे असं मी म्हणेन. वहीतल्या आकड्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

पैशाचं म्हणाल तर 2/5 ला कायमचं बसायला पाचशेचे वीस बाय-इन (टेबलवर घेऊन बसायची रक्कम), म्हणजे 10,000 डॉलर, हवेत. ते घरखर्चापासून वेगळे असावेत, आणि घरात त्याची कल्पना असावी. (हे शेवटचं कुणी सांगत नाही, आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.) नुसतं चाखून बघायला जिंकलेल्यातले हजार पुरे. दोन बाय-इन गेले की परत 1/3 ला. त्यात कमीपणा काही नाही.

कराचाही विचार करा. 2025 च्या अमेरिकी कायद्यानुसार 2026 पासून जुगारातल्या तोट्याच्या 90 टक्क्यांचीच वजावट मिळते. समजा वर्षभरातल्या जिंकलेल्या बैठकींची बेरीज 20,000 आणि हरलेल्यांची 16,000. हातात आले 4,000, पण वजावट 14,400 ची, म्हणजे कर 5,600 वर. तोही वजावटी तपशीलवार दाखवत असाल तरच. टेबल मोठं झालं की दोन्ही बेरजा फुगतात आणि ही फट वाढते.

आणखी एक. 2/5 असं नुसतं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. शनिवारी रात्री अकराचं 2/5, जिथे दोघंजण दारू पिऊन प्रत्येक डाव बघतायत, ते मंगळवारी दुपारच्या 1/3 पेक्षा सोपं असू शकतं. आठवड्यातल्या दुपारी 2/5 ला बरेचसे रोजचे गडी असतात, एकमेकांना ओळखणारे, नवा कोण येतो याची वाट बघणारे. स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधी कुणी आपणहून लावलेली, बिग ब्लाइंडच्या दुप्पट पैज) चालू असेल तर ते 2/5 राहतच नाही. दहाचं स्ट्रॅडल पडलं की तुमचे पाचशे म्हणजे शंभर ब्लाइंड नव्हे, पन्नासच.

तेव्हा पोचल्यावर फ्लोअरवाल्याकडे (टेबलांवर जागा देणाऱ्याकडे) दोन्ही याद्यांत नाव लावा. 1/3 ला जागा मिळाली की बसा, आणि पाय मोकळे करायला उठाल तेव्हा 2/5 च्या मागे उभं राहून दहा मिनिटं बघा: किती जण फ्लॉपला जातात, कोणाचा स्टॅक (समोरच्या चिप्स) केवढा, टेबलवर हशा आहे की सगळे हूडी ओढून गप्प. नाव पुकारलं तरी टेबल पटलं नाही तर "पास" म्हणा आणि 1/3 वरच खेळत राहा.