वडिलांची ८४ सालची पद्मिनी घाटात गरम होते, कूलिंगचे कुठले पार्ट बदलू?

तुम्ही लिहिलंय की गाडी ७ वर्षं शेडमध्ये उभी होती, आता गावात नीट चालते पण कात्रजचा घाट चढताना काटा लालवर जातो, आणि मेकॅनिक म्हणतोय वॉटर पंप बदला नि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका. माझ्याकडे ८६ ची पद्मिनी आहे आणि मी यातून गेलोय म्हणून कळकळीने सांगतो, एकही पार्ट विकत घ्यायच्या आधी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असतात तो मुख्य ओतीव भाग, आतून धुऊन घ्या.

मी उलटं केलं होतं. पंप नवा, रेडिएटरचा कोअर नवा, दोन्ही होज पाईप नवे, आणि तरी खंबाटकीत अर्ध्यावर बोनेट उघडून उभा. नंतर ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात ना, कोअर प्लग, त्यातली मागची एक पाझरायला लागली म्हणून काढली तर आतून पाणी आलंच नाही, चॉकलेटी चिखल ठासून भरलेला, तारेने कोरून काढावा लागला. ब्लॉक बिडाचा, त्याचा गंज आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार वर्षानुवर्षं तळाला बसत जातात, आणि पंप पुढे असल्यामुळे मागच्या सिलेंडरपाशी पाण्याला जोर कमी, म्हणून तिथे जास्त. त्या चिखलातून नवा पंप तरी पाणी कसं फिरवणार?

तर गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचा खालचा कॉक आणि ब्लॉकचा कॉक दोन्ही उघडा. ब्लॉकच्या कॉकमधून काहीच आलं नाही तर पाणी संपलंय असं समजू नका, तो चोंदलाय, तार घाला. धुण्यापुरता थर्मोस्टॅट काढून बागेचा पाईप वरच्या बाजूने लावा आणि उलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत, मला अर्धा दिवस लागला होता. रेडिएटर वेगळा काढून तोही उलटा धुवा. कोणी कॉस्टिक सोडा घालू म्हणालं तर अजिबात घालू देऊ नका, या इंजिनाचं हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

आता पंप. त्याच शाफ्टवर पंखा आहे, तेव्हा इंजिन बंद असताना पंखा हातात धरून पुढेमागे हलवून बघा, खेळ असेल तर बेअरिंग गेलं, आणि खालच्या बारीक भोकातून थेंब पडत असतील तर सील गेलं. दोन्ही नसेल तर पंप चांगला आहे, राहू द्या. काढायचाच असेल तर आदल्या रात्री बोल्टना गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, जोर लावून फिरवले की मुंडी तुटून हातात येते आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. बोल्ट कमीजास्त लांबीचे असतील, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच जागी खोचून ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मला तरी पटत नाही. तो नसला की इंजिन थंडच चालतं, गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि झीज वाढते. पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने टांगा, सोबत थर्मामीटर, त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडला की झालं. नाही उघडला तर तसलाच नवा टाका, फार महाग वस्तू नाही.

होज मात्र ७ वर्षांनंतर दोन्ही बदलाच, खालचा तर नक्की, तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो आणि रबर मऊ पडलं की जोरात रेस केल्यावर आत चेपून पाणीच अडवतो. फॅन बेल्टही. रेडिएटरची कॅप मूळ आकड्याचीच घ्या, जास्त प्रेशरची लावली तर जुने डाग दिलेले जोड सुटतात.

भरताना बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि एक तृतीयांश कूलंट पुरे, आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, कूलंट हवाय तो गंज थांबवायला. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, कॅप उघडी ठेवून हळूहळू भरा, मग इंजिन चालू करून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा, आत अडकलेली हवा निघाली की पातळी खाली जाते, परत भरा.

आणि तेव्हाच बघा, इंजिन तापल्यावरही रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नसतील, रेस केल्यावर वाढत असतील, तर हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. मग कात्रजला जाऊ नका, आधी हेड उतरवून सरळ पट्टी लावून वाकलंय का ते तपासून घ्या.