बनगरवाडी शिकवताना पात्रांच्या मधलं बघायला लाव

अगं, तुझा मेसेज वाचला. एफवायला व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, म्हणजे धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेल्या तरुण मास्तरची ती कादंबरी, शिकवायला मिळालीये हे वाचून खूप आनंद झाला, आणि मुलं गाईडमधलं उतरवून काढतात, कारभारी करारी, अंजी अल्लड, शेकू गरीब, असं एकेका पात्राला एकेक विशेषण चिकटवून मोकळी होतात, ही तुझी तक्रार अगदी खरी आहे. पण त्यात मुलांची चूक कमी आहे गं, आपण प्रश्नच तसा विचारतो ना, अमक्याचं स्वभावचित्रण करा म्हणून.

तू जोडीने विचार. मास्तर आणि कारभारी. फळ्यावर दोन नावं लिही आणि मधे दोन बाण काढ, एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. मास्तरला कारभाऱ्याकडून काय हवंय? ते पटकन सांगतील, शाळेत पोरं हवीत, कारण पोरं मेंढरांमागे जातात आणि कारभाऱ्याच्या शब्दाशिवाय वाडीत कुणी हलत नाही. आता दुसरा बाण. त्या म्हाताऱ्याला या कोवळ्या पोरसवदा मास्तरकडून काय हवंय? इथे वर्ग गप्प होईल. होऊ दे, तू लगेच उत्तर देऊ नकोस, पुस्तक उघडायला लाव आणि पान नंबर सांगितल्याशिवाय कुणाचंच उत्तर घेऊ नकोस. दोन्ही बाणांवर वेगवेगळं लिहिलं जातं तेव्हाच मुलांना कळतं की एकाच नात्यात दोघं वेगवेगळ्या गोष्टी शोधत असतात.

मग अंजीच्या चोळीच्या प्रसंगावर थांब, कारभाऱ्याची ही मुलगी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते तिथे, आणि घाई करू नकोस, अख्खा तास गेला तरी चालेल. कारभाऱ्याच्या मनात संशय येतो आणि इतका जीव लावणारा माणूस मास्तरपासून तुटतो. मुलं लगेच कोण बरोबर कोण चूक यावर भांडायला लागतील. त्यांना एवढंच विचार की या क्षणी कुणाला काय माहितीये? मास्तरला काय ठाऊक आहे, अंजीला काय, कारभाऱ्यापर्यंत काय पोचलंय आणि कसं? तीन रकाने पाडून भरायला लाव. भांडण स्वभावामुळे जेवढं होतं त्याहून जास्त अर्धवट माहितीमुळे होतं हे त्यांना स्वतःलाच दिसेल, आणि माझ्या मते कादंबरीतली नाती वाचायची हीच सगळ्यात मोठी किल्ली आहे.

शेकूच्या बायकोचं मात्र जपून. बैलाच्या जोडीला ती स्वतः जुवाला खांदा देते, आणि पोरं पतिव्रता, त्यागमूर्ती वगैरे लिहून पान भरतात. तो उतारा मोठ्याने वाच, मग विचार की ती स्वतः किती बोलते, आणि हे सगळं बघतंय कोण. बघतोय मास्तर. अख्खी कादंबरी त्याच्या तोंडून आहे, म्हणजे प्रत्येक नातं त्याच्या नजरेतून गाळून आपल्यापर्यंत येतं. यावर एक गृहपाठ दे, चोळीचा प्रसंग अंजीच्या तोंडून एक पानभर लिहा, अट एकच, पुस्तकातल्या घटना बदलायच्या नाहीत. हुशार म्हणवणारी मुलं इथे अडखळतात आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी असं काही लिहून आणते की आपण बघतच राहतो.

आणि आनंदा रामोशी म्हणजे चोर, असं कुणी एका शब्दात म्हणालं तर तिथे तू बोललंच पाहिजेस. कादंबरी १९५५ ची, आणि अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. ज्या रामोश्यांकडे परंपरेने गावाची राखण होती ते आज विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेल्या जातींच्या, यादीत आहेत. तुझ्या वर्गात त्या समाजाचं किंवा धनगर समाजाचं पोर बसलेलं असू शकतं, त्याला मान खाली घालायची वेळ येता कामा नये. आनंदा आणि मास्तर यांच्यातही दोन बाण काढ, मग बघ मुलं किती वेगळं बोलतात.

तालीम उभी राहते तो भाग गटात दे, कोण हात लावतं, कोण बाजूला राहतं, मास्तरच्या विरोधात असलेला दादू काय करतो, नावं काढायला लाव. दुष्काळाचा शेवट तू स्वतः वाचून दाखव, तिथे प्रश्न नको. अमोल पालेकरांचा याच कादंबरीवरचा १९९५ चा सिनेमा मुलं आधीच मोबाईलवर शोधतील, त्यांना सांग पुस्तक झाल्यावर आपण एकत्र बघू, आणि तेव्हा कुठलं नातं सिनेमात वेगळं दिसलं ते विचार.

एवढ्यात सिलॅबस कसा संपणार हा प्रश्न तुझ्या मनात आला असणार, तर लेखकाची माहिती आणि कथानक यांच्या नोट्स झेरॉक्स करून देऊन टाक, तो वेळ वाचव. आणि अंजीची पानं लिहून आली की त्यातली दोनचार मला फोटो काढून पाठव, नावं झाकून. मला वाचायचीयेत.