खाणीच्या मोजणीत १०,००० ब्रास आणि डंपरच्या नोंदीत १६,००० ब्रास, असं नाशिकच्या दगडखाणीत कसं झालं?

बहुतेक घोळ ब्रासचाच आहे: मोजणीतला ब्रास अखंड खडकाचा, डंपरमधला सुट्या दगडाचा. आपल्याकडच्या घट्ट काळ्या बेसॉल्टचा १ ब्रास (१०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर) जागेवर साधारण ८ टन भरतो. सुरुंग लावून फोडला की मध्ये पोकळी येते, आणि सुट्या दगडाचा १ ब्रास डंपरमध्ये साडेचार-पाच टनच भरतो. म्हणून दोन्ही आकडे आधी टनांत आणा. ८०,००० टनांच्या आसपास जुळले तर भांडण मिटलं.

तरी तफावत उरलीच तर हे बघा:
- दोन बेंचच्या (खाणीतल्या पायऱ्यांच्या) मध्ये लाल मातीचा थर किंवा मांजऱ्या दगड (मऊ, ठिसूळ खडक) लागला का? तो मोजणीत दगड म्हणून धरला जातो, पण क्रशरला जात नाही.
- मोजणीच्या दिवशी क्रशरपाशी पडलेला ढीग हिशेबात घेतला का? (हा हमखास विसरतो.)

फक्त माझे टन डोळे मिटून वापरू नका. दगड किती बारीक फुटलाय यावर सुट्या ब्रासचं वजन बदलतं. आठ-दहा डंपरचा फाळका (मागचा हौदा) मापून ते वजनकाट्यावर घाला आणि स्वतःची सरासरी काढा. रॉयल्टीचा हिशेब असेल तर नोंदीत 'अखंड' की 'सुटा' हे लिहूनच ठेवा.